दक्षिणकालीचं उग्र रूप कसं वाचावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगालमधल्या देवळांत, कॅलेंडरांवर, ट्रकच्या काचेवर जी काली दिसते ती बहुतेक वेळा दक्षिणकाली असते. काळी, चार हातांची, जीभ बाहेर काढलेली, शिवाच्या छातीवर उभी. खालचे प्रश्न मुख्यतः तिच्याबद्दल आहेत. सप्तशतीतली (नवरात्रात पाठ करतात त्या देवीमाहात्म्यातली) काली आणि आपल्याकडची कालिका यांचा विषय जिथे निघतो तिथे तसं सांगितलं आहे, कारण हे सगळं एकात एक कालवलं की अर्थ निसटतो.

काली म्हणजे काळ्या रंगाची की काळाची देवी?

दोन्ही. संस्कृतात ‘काल’ म्हणजे काळा आणि ‘काल’ म्हणजे समयसुद्धा. मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ म्हणताना आपण ‘काळ’ हा शब्द मृत्यूसाठीच वापरतो. महानिर्वाणतंत्रात हीच व्युत्पत्ती एक पायरी पुढे नेली आहे: सगळ्या भूतांना ग्रासतो तो महाकाल आणि त्या महाकालालाही ग्रासते ती कालिका. रंगाचं स्पष्टीकरणही त्याच ग्रंथात आहे. पांढरा, पिवळा वगैरे सगळे रंग जसे काळ्यात विरून जातात, तशी सगळी भूतं तिच्यात विरतात. रामकृष्ण परमहंस हे सोपं करून सांगत: समुद्राचं पाणी लांबून निळं दिसतं, ओंजळीत घेतलं की त्याला रंग नसतो.

कलियुगातला कली आणि काली एकच का?

नाही. ‘कलि’ हा पुरुष आहे, युगाचा अधिपती. ते नाव फाशांच्या खेळातल्या हरणाऱ्या दानावरून आलं. ‘कलि’ आणि ‘काली’ यांचा अर्थाने काही संबंध नाही.

मूर्ती बघताना सुरुवात कुठून करावी?

हातांपासून. मात्र डावं-उजवं देवीचं धरायचं, आपलं नव्हे. तिचा डावा हात आपल्याला उजवीकडे दिसतो आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

दक्षिणकालीच्या ध्यानश्लोकात, म्हणजे तिचं रूप डोळ्यांपुढे आणणाऱ्या श्लोकात, हातांची जागा नेमकी दिली आहे. डाव्या वरच्या हातात खड्ग, डाव्या खालच्या हातात नुकतंच छाटलेलं मस्तक. उजवा वरचा हात अभयमुद्रेत, उजवा खालचा वरदमुद्रेत. म्हणजे शरीराची एक बाजू तोडते आणि दुसरी देते. खड्ग म्हणजे ज्ञान आणि मस्तक म्हणजे अहंकार, हा अर्थ सगळीकडे सांगितला जातो आणि तो बरोबरच आहे. पण चारही हात एकत्र वाचले तर जास्त हाती लागतं: डोकं उतरवलं जाणं आणि ‘भिऊ नकोस’ हे आश्वासन एकाच क्षणी, एकाच देहाकडून येतं.

आता चेहरा. ध्यान सुरू होतं ‘करालवदनां घोराम्’ (भयंकर तोंडाची, घोर) असं आणि पुढे तिलाच ‘हसन्मुखीम्’ (हसऱ्या मुखाची) म्हणतं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून रक्ताची धार आहे आणि चेहऱ्यावर हसू आहे. नव्या पोस्टरांमध्ये नेमकं हे हसू गायब असतं आणि फक्त चिडलेली बाई उरते. चित्र कुणी ध्यान वाचून काढलं आणि कुणी न वाचता, हे ओळखायची ही सोपी खूण.

गळ्यातल्या मुंडांची संख्या किती असावी?

५० किंवा ५१. ही मुंडं म्हणजे वर्णमालेतली अक्षरं. हिशोब असा: अ ते अः हे १६ स्वर (ऋ, ॠ, ऌ, ॡ धरून), क ते म ही २५ व्यंजनं, य ते ह ही ८ आणि शेवटी क्ष. झाली ५०. त्यात ळ धरला की ५१. मराठीच्या रोजच्या बोलण्यातला ळ तिच्या माळेत असतो-नसतो तो असा.

अक्षरांची माळ एवढी भीषण का, तर नाव आणि रूप जिथून निघतात तिथेच परत जातात म्हणून. बोललेला प्रत्येक शब्द आधी जन्मतो आणि मग विरतो. ती ही अक्षरं विरल्यानंतरही अंगावर वागवते. उपासकांच्या हातातल्या जपमाळेलाही काही परंपरांमध्ये ‘वर्णमाला’ म्हणतात आणि एकेका मण्यावर एकेक अक्षर धरून जप होतो. तेव्हा ही माळ फक्त मूर्तीवरची सजावट नाही, ती साधनेत मोजली जाते.

कमरेला तोडलेले हात कशासाठी?

हात म्हणजे कर्म. माणसं जे करतात, जे साठवतात, ते शेवटी तिच्या कमरेला येतं. ध्यानात ‘शवानां करसङ्घातैः कृतकाञ्चीम्’ (प्रेतांच्या हातांचा कमरपट्टा केलेली) असे शब्द आहेत. हातांचा हा पट्टा अंग झाकण्यासाठी नाही, कारण ती दिगंबरी आहे. सभ्यतेपायी त्याचा घागरा करणारी मूर्ती अर्थ बिघडवते.

ती नग्न आणि केस मोकळे सोडलेली का?

दिगंबरी म्हणजे दिशा हेच जिचं वस्त्र. जी सगळ्याला व्यापते तिला झाकेल एवढं कापड कुठून आणायचं? मोकळ्या केसांचा अर्थ आपल्या घरांतल्या जुन्या रीतीवरून कळतो. बांधलेली वेणी म्हणजे घरंदाजपणा, मर्यादा. मुक्तकेशी कुणाच्याच मर्यादेत नाही. तरी पूजेतल्या मूर्तीला बंगालमध्येही बहुतेक ठिकाणी साडी नेसवतात. त्यात विसंगती काही नाही, घरात आईला जसं ठेवतात तसं ठेवलेलं असतं.

जीभ लाजून बाहेर आली, ही गोष्ट खरी का?

लोककथा म्हणून खरी, ग्रंथ म्हणून नाही. रणात बेभान नाचणाऱ्या देवीला थांबवायला शिव आडवा झाला, तिचा पाय त्याच्यावर पडला आणि तिने जीभ चावली, अशी कथा बंगालमध्ये फार लोकप्रिय आहे. लाजल्यावर जीभ चावायची तिथली लकब त्यात उतरली आहे. सप्तशतीत ही कथा कुठेही नाही. तिथे जीभ निव्वळ भयानक आहे: ‘जिह्वाललनभीषणा’, म्हणजे वळवळणाऱ्या जिभेमुळे भेसूर दिसणारी.

त्याहून जुना धागा मुंडकोपनिषदात सापडतो. तिथे अग्नीच्या सात जिभांची नावं आहेत: काली, कराली, मनोजवा, सुलोहिता, सुधूम्रवर्णा, स्फुलिंगिनी आणि विश्वरुची. आहुती गिळणाऱ्या ज्वाळेचं पहिलं नाव काली. देवी म्हणून तिची पूजा रूढ होण्याच्या कितीतरी आधी हे नाव खाणाऱ्या, पचवणाऱ्या जिभेचं होतं.

तिसरा अर्थ साधकांचा. लाल जीभ म्हणजे रजोगुण, तिला दाबून धरणारे पांढरे दात म्हणजे सत्त्वगुण. सत्त्वाने रजाला आवर घालायचा. तिन्ही अर्थ आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त ‘शास्त्रात असं आहे’ म्हणून पहिला सांगू नये.

शिवाला पायाखाली का दाखवतात? हा अपमान नाही का?

ध्यान म्हणतं, ती ‘शवरूपमहादेवहृदयोपरि’, म्हणजे शवरूप महादेवाच्या छातीवर, उभी आहे. शिव इथे शव झाला आहे. तांत्रिक परंपरेत एक अक्षरखेळ सांगतात: ‘शिव’मधली इकाराची वेलांटी म्हणजे शक्ती, ती काढली की उरतं ‘शव’. सौंदर्यलहरी या देवीस्तोत्राचा पहिला श्लोकही हेच सांगतो की शक्तीशी जोडलेला असेल तरच शिव समर्थ, नाहीतर तो साधा हलूही शकत नाही. आडवा पडलेला, गोरा, शांत शिव म्हणजे न हलणारं चैतन्य आणि त्याच्यावरची काळी, धावती आकृती म्हणजे हालचाल, घडणं, मोडणं. हालचालीला पाय टेकायला काहीतरी स्थिर लागतं. ते स्थिर म्हणजे तो.

कोलकात्याजवळच्या दक्षिणेश्वरच्या कालीच्या देवळात हा रंगभेद ठसठशीत दिसतो. राणी रासमणींनी बांधलेल्या या देवळाची प्रतिष्ठा ३१ मे १८५५ रोजी झाली. काळ्या पाषाणातली भवतारिणी (तिथल्या कालीचं नाव) पांढऱ्या संगमरवरी शिवावर उभी आहे.

‘दक्षिण’ म्हणजे काय?

दोन स्पष्टीकरणं प्रचलित आहेत. एक, दक्षिण ही यमाची दिशा आणि तिचं नाव ऐकताच तिथला यम पळतो. दुसरं पायावरून: उजवा (दक्षिण) पाय पुढे असतो ती दक्षिणकाली. डावा पाय पुढे असलेलं रूप श्मशानकालीचं मानतात आणि ते गृहस्थांच्या पूजेतलं नाही.

सप्तशतीतली काली हीच का?

नाव तेच, पण मूर्ती वेगळी. नवरात्रात घरोघरी पाठ होतो, तरी इथे हमखास घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

सप्तशती म्हणजे मार्कंडेयपुराणातलं देवीमाहात्म्य, १३ अध्यायांचं. पहिल्या अध्यायाच्या आरंभी जिचं ध्यान म्हणतात ती महाकाली दहा मुखांची, दहा पायांची, नीलमण्यासारख्या रंगाची आहे. तिच्या दहा हातांत खड्ग, चक्र, गदा, बाण, धनुष्य, परिघ, शूल, भुशुंडी, मस्तक आणि शंख. गंमत म्हणजे त्या अध्यायात ती लढत नाही. योगनिद्रा म्हणून ती विष्णूच्या डोळ्यांतून बाहेर पडते, तो जागा होतो आणि मधु-कैटभांशी पाच हजार वर्षं झुंजतो.

सातव्या अध्यायातली काली निराळी. चंड-मुंड हे असुर चालून येतात, अंबिकेचा चेहरा संतापाने शाईसारखा काळा होतो आणि तिच्या कपाळातून ही प्रकटते. हातात तलवार, पाश आणि खट्वांग (टोकाला कवटी असलेला दंड), अंगावर वाघाचं कातडं, मांस सुकलेलं, डोळे खोल गेलेले आणि लाल. पायाखाली शिव नाही, अभय-वरद नाही. चंड-मुंडांची डोकी आणून ती अंबिकेला म्हणते, हे दोन मोठे पशू तुला आणले, आता या युद्धयज्ञात शुंभ-निशुंभांना तू स्वतः मार. रणाला यज्ञ आणि शत्रूला बळीचा पशू म्हटलं आहे. पुढची प्रतीकांची इमारत या एका वाक्यावर उभी आहे. त्यानंतर तिला ‘चामुंडा’ हे नाव मिळतं. देवीच्या नऊ अक्षरी नवार्ण मंत्रातली ‘चामुण्डायै’ ती हीच.

रक्तबीजाला कालीने मारलं ना?

पूर्ण श्रेय तिला देता येत नाही. आठव्या अध्यायात रक्तबीज या असुराच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तसाच आणखी एक असुर उभा राहतो. मातृकांनी (देवांच्या शक्तींनी) जितके घाव घातले तितके असुर वाढले, म्हणजे शस्त्र चालवणं हेच तिथे चुकत होतं. तेव्हा चंडिका चामुंडेला तोंड पसरायला सांगते. घाव चंडिका घालते, थेंब काली पिते आणि रक्त संपलेला असुर कोसळतो. वासनेचा हाच स्वभाव. तिच्याशी झगडलं की ती दहा रूपांनी उगवते, तिला जमीनच मिळू दिली नाही तर वाळते. दोघींपैकी एकीने हे काम होत नाही, हा तपशील सांगताना बहुतेकजण गाळतात.

मूर्ती, चित्र किंवा रांगोळी काढताना काय चुकतं?

सगळ्यात जास्त चूक खड्गाची. उजव्या हाताने लढतात या सवयीने ते उजव्या हातात दिलं जातं आणि अभयमुद्रेला जागाच उरत नाही. मोबाइलवर चित्र आडवं उलटवल्यानेही हेच होतं. ताडून बघायचं तर पुढे आलेला पायही डावा झालेला दिसेल. शिवाला असुरासारखा, वेदनेने पिळवटलेला काढणं ही दुसरी चूक; तो शांत हवा. सप्तशतीतलं वाघाचं कातडं आणि दक्षिणकालीचा हातांचा पट्टा एकाच मूर्तीवर चढवणं ही तिसरी. रंग काळा किंवा गडद निळा, दोन्ही चालतात, कारण ध्यानात ‘महामेघप्रभां श्यामाम्’ आहे: भरून आलेल्या पावसाळी ढगाचा रंग. तिसरा डोळा कपाळावर उभा असतो. रक्त ओठांच्या दोन कोपऱ्यांपुरतं, अंगभर नाही.

घरात कालीचा फोटो ठेवल्याने भांडणं होतात का?

याला ग्रंथाचा आधार नाही. बंगालमध्ये असंख्य घरांच्या देवघरांत ती आहे. पाळायचं ते एवढंच: घरात दक्षिणकाली किंवा भद्रकाली ठेवावी, श्मशानकाली ठेवू नये. अर्गलास्तोत्र म्हणणाऱ्या प्रत्येक घरात तिचं नाव तसंही रोज उच्चारलं जातं: ‘जयन्ती मङ्गला काली भद्रकाली कपालिनी’.

कालीपूजा नेमकी कधी?

आपल्या लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला. बंगाली आणि हिंदी मजकुरात ‘कार्तिक अमावास्या’ वाचून मराठी पंचांगात तीच शोधाल तर महिनाभर उशीर होईल. आपल्या अमान्त (अमावास्येला महिना संपणाऱ्या) गणनेत ती आश्विन अमावास्या आहे.

लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी (सूर्यास्तानंतर लगेच) होतं आणि कालीपूजा निशीथकाळी (मध्यरात्री), त्यामुळे काही वर्षी दोन्ही एका तारखेला येत नाहीत. निशीथ काढायचा तर सूर्यास्त ते सूर्योदय या काळाचे १५ भाग करा, आठवा भाग तो निशीथ. समजा सूर्यास्त सायंकाळी ६:०५ आणि सूर्योदय सकाळी ६:३५. रात्र साडेबारा तासांची, एक भाग ५० मिनिटांचा. मध्यरात्र १२:२० ला, म्हणून निशीथ ११:५५ ते १२:४५. घड्याळातले बारा धरून बसू नये. ज्या रात्री या वेळात अमावास्या असेल ती रात्र कालीची. आदल्या दिवशी, आपल्या नरकचतुर्दशीला, बंगालमध्ये भूतचतुर्दशी पाळतात: १४ पालेभाज्या खातात आणि १४ दिवे लावतात.

फुलं, नैवेद्य आणि बळी?

फूल लाल जास्वंदीचं, जमलं तर १०८ ची माळ. माळ सकाळी ओवून ठेवली तर रात्रीपर्यंत फुलं मिटतात. म्हणून कळ्या ओवून पाणी शिंपडून ठेवणं बरं. नैवेद्याला खिचडी, मिसळभाजी, खीर.

बळीचा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. अनेक शाक्त देवळांत पशुबळीची प्रथा आहे आणि तिला निव्वळ ‘गैरसमज’ म्हणून झटकता येत नाही. पण त्याच परंपरेत बोकड म्हणजे काम, रेडा म्हणजे क्रोध, असा अंतर्यागाचा (मनातच करायच्या यज्ञाचा) अर्थही सांगितला आहे आणि पशूऐवजी कोहळा, ऊस, काकडी कापायची सोयही आहे. नवरात्रातल्या होमानंतर आपल्याकडेही कोहळा कापतात, तो याच रीतीतला.

क्रीं बीजाचा जप स्वतःहून सुरू करता येतो का?

बीजमंत्राला दीक्षा लागते, असं तंत्रपरंपरा सांगते. अर्थ समजून घ्यायला हरकत नाही: क म्हणजे काली, र म्हणजे ब्रह्म, ई म्हणजे महामाया, नाद म्हणजे विश्वमाता आणि बिंदू म्हणजे दुःखहरण. दक्षिणकालीचा २२ अक्षरी मंत्रही गुरूकडूनच घ्यायचा. दीक्षा नसलेल्याला नामजप आणि स्तोत्र मोकळं आहे. व्हिडिओवरून बीज शिकणाऱ्यांचे उच्चार पहिल्या आठवड्यातच ‘क्रीम’ होतात, अनुस्वार जागेवर राहत नाही.

फक्त सातवा-आठवा अध्याय रोज वाचला तर?

अभ्यासासाठी खुशाल. पाठ म्हणून नाही. सप्तशतीला जोडलेल्या वैकृतिक रहस्यात नियम आहे की तिच्या तीन चरितांपैकी (भागांपैकी) एकच वाचायचं तर मधलं (अध्याय २ ते ४) वाचावं, इतर दोन सुटी वाचू नयेत आणि कोणतंही चरित अर्धवट सोडू नये. सातवा आणि आठवा हे उत्तरचरिताचे (५ ते १३) तुकडे आहेत. रोज पूर्ण पाठ जमत नसेल तर सात दिवसांची वाटणी रूढ आहे: १, २, १, ४, २, १, २ अध्याय. तीत कालीचे दोन्ही अध्याय चौथ्या दिवशी येतात. त्या दिवशी ५ ते ८ असे चार अध्याय असल्याने वेळ हाताशी ठेवा. घाई हा पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात मोजलेल्या पाठकाच्या सहा दोषांपैकी एक आहे, गाऊन म्हणणं आणि मान हलवणं हे आणखी दोन.

कालीचा आणि काळ्या जादूचा संबंध काय?

नावातल्या साधर्म्याचा फायदा भोंदू घेतात, इतकाच. कालीच्या नावाने करणी उतरवण्याचे पैसे मागणाऱ्यावर महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते.

महाराष्ट्र-गोव्यात काली कुठे आहे?

बंगालच्या थाटात फार थोडी. कासार समाजाची कुलदेवता कालिका, गोव्यात डिचोली तालुक्यातल्या कासारपालची कालिका, वाईजवळच्या मांढरदेव डोंगरावरची काळूबाई (यात्रा पौष पौर्णिमेला), कोकणातली काळकाई. या ग्रामदेवतांना आणि कुलदेवतांना आपापल्या कथा, आपापले मान आहेत. दक्षिणकालीचं ध्यान त्यांच्या तांदळ्यावर (न घडवलेल्या दगडी रूपावर) किंवा मुखवट्यावर बसवायला जाऊ नये.

वेरूळला एक हाडकुळी देवी दिसते, ती कालीच का?

हो. आणि बंगालच्या कालीपेक्षा ती सप्तशतीला कितीतरी जवळची आहे. लेणं क्र. २१, रामेश्वर, सहाव्या शतकाच्या सुमाराचं. तिथे सप्तमातृकांचा पट आहे आणि जवळच काल-कालीच्या सांगाड्यासारख्या आकृती आहेत. दक्षिणकालीचं ध्यान तिला भरल्या अंगाची तरुणी म्हणतं, सप्तशती ‘शुष्कमांसातिभैरवा’ (मांस सुकल्याने अति भयंकर) म्हणते. तिथे गेल्यावर जीभ, मुंडमाळ, चार हात शोधत बसू नका. आधी फासळ्या बघा, मग आत गेलेलं पोट.